चूक पुसण्यापूर्वी



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांना आपल्यापैकी कोणीही कधी नावाने हाक मारली नाही. ते आपले 'गुरुजी' होते आणि मीही आज त्यांचा उल्लेख तसाच करणार आहे. भरवेलीसारख्या खाणीच्या गावात, जिथे एका घरात मराठी, शेजारी पोवारी, पलीकडे गोंडी आणि कामावर हिंदी बोलली जाते, तिथे त्यांनी आम्हाला शुद्ध मराठी लिहावयास शिकवले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी आम्हाला स्वतःची चूक वाचावयास शिकवले. या दुसऱ्या शिकवणीविषयी मला आज बोलावयाचे आहे.

'मोटारीचा वेग बदलणारी यंत्रे, त्यांचे बिघाड आणि इशारे' हा विषय फलकावर वाचून काही जुन्या मित्रांनी मला फाटकातच अडवले. "तू संतवाङ्मयावर बोलशील म्हणून आम्ही आलो," असे ते म्हणाले. त्यांची निराशा मला समजते. चाळीस वर्षे मराठी शिकविलेल्या माणसाने विजेच्या यंत्रांत तोंड घालावे, हे जरा विपरीतच आहे. परंतु या विषयात मी हौसेने शिरलेलो नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने मला त्यात ओढले. ती चूक मी अद्याप कोणत्याही व्यासपीठावरून सांगितलेली नाही. ती सांगण्यास गुरुजींच्या व्याख्यानाहून योग्य जागा मला सापडली नसती.

आरंभ आपल्या गावापासून करतो. भरवेली म्हणजे मँगनीज. १८९६ साली स्थापन झालेल्या एका इंग्रजी सिंडिकेटमधून पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी उभी राहिली. १९६२ साली मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आपली 'मॉइल' स्थापन झाली आणि १९७७ साली ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली. फर्मोर या भूशास्त्रज्ञाने १९०९ साली भारतातील मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आपल्या परिसरातील एका खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले. ज्या लोकांच्या पायाखाली तो खडक होता, त्यांचे नाव त्याला मिळाले, ही मला भाषेचा अभ्यासक म्हणून न्याय्य वाटणारी गोष्ट आहे. वस्तूला नाव द्यावयाचे ते तिच्याजवळ राहणाऱ्यांना ओळखू येईल असे द्यावे. हे तत्त्व मी पुढे कसे विसरलो, ते सांगणारच आहे.

माझे वडील खाणीत पंप-खलाशी होते. जमिनीखालच्या खाणीत माणसाचा पहिला शत्रू पाणी. ते दिवसरात्र उपसावे लागते. पावसाळ्यात तर पंप थांबला की खालच्या पातळीवर काम करणाऱ्यांच्या पायाशी पाणी येते. वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंत. पण पंपाचा आवाज 'जड' झाला की ते उठत. मोटारीच्या अंगावर तळहात ठेवत, नाकाने वार्निशचा वास घेत आणि म्हणत, "ही आज रुसली आहे." काय झाले, हे त्यांना त्या क्षणी सांगता येत नसे, पण काहीतरी झाले आहे, हे त्यांना यंत्र बंद पडण्याच्या पुष्कळ आधी कळे. कान, हात आणि नाक ही त्यांची इशारा देणारी साधने होती.

खाणीतील दुसरा इशारा म्हणजे घंटेचा टोला. पाळणा वरखाली नेणाऱ्या यंत्रचालकाला खालून टोल्यांनी निरोप जात असे. १९६१च्या धातुखाणींच्या नियमावलीत या टोल्यांची भाषा ठरवून दिलेली होती. दोन टोले म्हणजे खाली सोड. तीन टोले म्हणजे आता माणसे बसणार आहेत, सावध. एक टोला म्हणजे काय? पाळणा चालू असेल, तर 'थांब'. आणि थांबलेला असेल, तर 'वर घे'. तोच टोला, तोच नाद, पण अर्थ अगदी उलट. पुढे मी विद्यार्थ्यांना शब्दार्थ आणि संदर्भ हे प्रकरण शिकवू लागलो, तेव्हा काव्यशास्त्रातल्या उदाहरणांआधी मी त्यांना हा टोला ऐकवीत असे. शब्दाचा अर्थ शब्दात अर्धाच असतो, उरलेला अर्धा तो कधी उच्चारला गेला यात असतो. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे. यंत्रांच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे.

आता यंत्राकडे वळू. निकोला टेस्ला याने १८८८ साली ज्या मोटारीचे पेटंट मिळविले, त्याच जातीची मोटार आजही पिठाच्या गिरणीपासून पोलादाच्या कारखान्यापर्यंत सर्वत्र फिरते आहे. ती साधी आहे, दणकट आहे. पण तिचा एक हट्ट आहे. विजेच्या लहरी एका सेकंदात जितक्या येतील, त्याच मानाने ती फिरणार. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. म्हणून चार ध्रुवांच्या मोटारीचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि मोटार त्याच्या किंचित मागे, १४४०च्या आसपास, धावते. तिला हळू चाल म्हटले तर ती ऐकत नाही. म्हणून जिथे वेग कमीजास्त करणे आवश्यक होते, तिथे अमेरिकेतील वॉर्ड लिओनार्ड याने १८९१च्या सुमारास योजलेली, एका मोटारीने जनित्र फिरवून दुसरी मोटार चालविण्याची अवजड पद्धत वापरीत. खाणींचे पाळणे आणि इमारतींच्या लिफ्टा कित्येक दशके तिच्यावर चालल्या.

पुढे १९५७ साली थायरिस्टर आला. १९६८ साली डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीने विजेची आवर्तनेच बदलून देणारे यंत्र मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले. यालाच आज कारखान्यांत 'व्हीएफडी' किंवा नुसते 'ड्राइव्ह' म्हणतात. त्याचे काम तीन पायऱ्यांत सांगता येते. बाहेरून येणारी ४१५ व्होल्टची उलटसुलट वीज ते प्रथम एकमार्गी करते. ती साधारण ५६० ते ५८५ व्होल्टवर मोठ्या कपॅसिटरांत साठवून ठेवते. आणि मग सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कळांनी तिच्यातून हव्या तितक्या आवर्तनांची वीज नव्याने घडविते. २५ आवर्तने दिली, की मोटार निम्म्या वेगाने फिरते. पंखा किंवा पंप निम्म्या वेगाने चालविला, तर त्याला लागणारी शक्ती तत्त्वतः एक अष्टमांशावर येते. एवढी बचत होत असल्यावर हे यंत्र घरोघर न येते तरच नवल. ते आज भाताच्या गिरणीत आहे, दूध डेअरीत आहे, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखालीही आहे.

या यंत्राचे दुसरे वैशिष्ट्य असे की ते बोलते. वडिलांची मोटार नुसती रुसत असे. हे यंत्र का रुसले, ते छोट्या पडद्यावर अक्षरांत लिहून दाखविते. त्याच्या बोलण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार सूचनेचा: मी चालतो आहे, पण मला त्रास होतो आहे. दुसरा प्रकार दोषाचा: मी थांबलो, कारण चालत राहिलो असतो तर जळालो असतो. इंग्रजीतला 'अलार्म' हा शब्द मूळचा इटालियन. 'शस्त्रे घ्या' असा त्याचा अर्थ. आपल्याकडचा 'इशारा' अरबी-फारसीतून आला. त्याचा अर्थ केवळ खूण. मला आपला शब्द अधिक शहाणा वाटतो. यंत्र हाक मारते ती शस्त्र उगारण्यासाठी नव्हे, तर खूण ओळखण्यासाठी.

ही खूण ओळखण्याचे शास्त्र आपल्याला नवे नाही. आयुर्वेदात रोगाचे ज्ञान करून घेण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यांना निदानपंचक म्हणतात. माझा पुतण्या विजेच्या कामाचा कारागीर आहे. त्याच्याकडून मी ड्राइव्हची दुरुस्ती समजून घेऊ लागलो, तेव्हा मला या पंचकाची पदोपदी आठवण झाली.

रूप म्हणजे लक्षण. येथे पडद्यावरचा शब्द. समजा, 'ओव्हरकरंट' हा दोष आला. अर्थ एवढाच की मोटारीकडे मर्यादेबाहेर प्रवाह गेला. पण केव्हा गेला? यंत्र सुरू होऊन वेग घेत असताना गेला, तर बहुधा वेग घेण्यास दिलेला काळ फार कमी आहे. जड चाक दोन सेकंदांत पळवू पाहिले तर असेच होणार. संथ चालत असताना अचानक गेला, तर पंपात काहीतरी अडकले असेल, बेअरिंग धरले असेल. चालू करताक्षणी, चाक हलण्यापूर्वीच गेला, तर केबलमध्ये किंवा मोटारीच्या गुंडाळीत शॉर्ट असण्याची शंका घ्यावी. शब्द एकच, अर्थ तीन. खाणीतला एक टोला तो हाच!

'ओव्हरव्होल्टेज' हा दोषही असाच फसवा. तो दिसला की नवखा माणूस वीजमंडळाला दोष देतो. वस्तुतः पुष्कळदा दोष बाहेरचा नसून भाराचा असतो. भरलेली बैलगाडी घाट उतरू लागली म्हणजे बैल गाडीला ओढीत नाहीत, गाडीच बैलांना ढकलते. तसेच जड फिरते चाक एकदम थांबवू गेले, की मोटार जनित्र बनते आणि वीज उलटी ड्राइव्हमध्ये घुसते. कपॅसिटरावरचा दाब चढतो आणि ड्राइव्ह स्वतःला वाचविण्यासाठी हात काढून घेते. उपाय दोन: थांबण्याचा काळ वाढवावा, अथवा तेवढी सवड नसेल तर ती वीज जाळून टाकणारा ब्रेकिंग रेझिस्टर बसवावा.

पूर्वरूप म्हणजे रोगाआधीची चाहूल. 'तापमान वाढले' अशी सूचना यंत्र आठवडाभर देत असते. पंख्याच्या जाळीवर धूळ बसलेली असते. आपल्याकडची काळी धूळ तर कपाटातल्या पुस्तकांतही शिरते, ती यंत्रात शिरल्याखेरीज कशी राहील? जाळी झटकण्याचे दहा मिनिटांचे काम कोणी करीत नाही आणि ऐन उन्हाळ्यात दुपारी यंत्र थांबते. निदान म्हणजे कारण: काल आणि आज यांत काय बदलले? नवी केबल ओढली का, मोटार बदलली का, पाऊस झाला का, कोणी आकडे फिरविले का? संप्राप्ती म्हणजे रोग कोणत्या क्रमाने अंगात भिनला, तो इतिहास. ड्राइव्ह आपले मागचे काही दोष ओळीने आठवणीत ठेवते. कित्येक यंत्रे त्या क्षणीचा प्रवाह, आवर्तने आणि दाबही नोंदवून ठेवतात. आणि उपशय म्हणजे एक उपचार करून पाहणे व त्यावरून रोग ओळखणे. अर्थिंगचा दोष आला, तर वीज बंद करून, साठा उतरू देऊन, मोटारीची केबल ड्राइव्हपासून सोडवावी. मग मोटार आणि केबल यांचे इन्सुलेशन मेगरने मोजावे. मेगर ड्राइव्हला जोडलेली असताना कधीही लावू नये, कारण त्याच्या दाबाने आतल्या नाजूक कळा जळतात. मोटार निर्दोष निघाली, तरच ड्राइव्हकडे संशयाने पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तर कशाने चालू झाले हे कधीच कळत नाही.

ही सारी विद्या मी आज आपल्यासमोर पोपटासारखी म्हणतो आहे. पण ती मला ज्या किमतीस मिळाली, ती मी दिलेली नाही, दुसऱ्याने दिली.

माझा पुतण्या एका कारखान्यात रात्रपाळीला होता. कारखान्याचे नाव आणि गाव सांगण्याचे कारण नाही. मी नुकताच निवृत्त झालो होतो. तो एकदा घरी आला आणि म्हणाला, "काका, ड्राइव्हचं पुस्तक इंग्रजीत आहे. आमच्या पाळीतले निम्मे लोक दहावीही नाहीत. दोषांचं एक पान मराठीत करून द्याल का? भिंतीवर लावतो." मला अतिशय आनंद झाला. मराठी ही ज्ञानभाषा व्हावी, यावर मी आयुष्यभर भाषणे दिली होती. आता ते प्रत्यक्ष करून दाखविण्याची संधी चालून आली होती. कोश उघडून मी आठ दिवस खपलो. अर्थिंगच्या दोषाला 'भूसंपर्कदोष' लिहिले. कपॅसिटरला 'संधारित्र', रीसेटला 'पुनःस्थापन'. सुंदर अक्षरांत तक्ता करून दिला.

महिन्याभराने पुतण्या संकोचत म्हणाला, "काका, सोबत्यांना ते वाचता येतं, पण समजत नाही. जरा सोपं कराल?" मी त्याला काय उत्तर दिले, ते मला आजही जसेच्या तसे आठवते. मी म्हणालो, "भाषा खाली आणायची नसते, माणसानं वर यायचं असतं." तो गप्प बसला. वडीलधाऱ्या माणसाला उलट बोलण्याची आमच्या घरात रीत नाही.

पुढच्या श्रावणातली गोष्ट. रात्रभर पाऊस. पंपाच्या मोटारीच्या जोडपेटीत पाणी शिरले आणि ड्राइव्हने अर्थिंगचा दोष दाखवून यंत्र थांबविले. वरच्यांचा निरोप आला: रीसेट करा आणि चालवा, माल अडला आहे. बटण दाबले. चालले, थांबले. पुन्हा दाबले. असे सात वेळा. आठव्या वेळी आत स्फोटासारखा आवाज झाला आणि पडदा विझला. पुतण्याने मुख्य वीज बंद केली, पाऊण मिनिट थांबला आणि काय जळाले ते पाहावे म्हणून झाकण उघडून हात घातला. कपॅसिटरांत साठा तसाच होता.

तो वाचला. उजव्या हाताची दोन बोटे आज पूर्ण मिटत नाहीत.

मी दवाखान्यात गेलो, तेव्हा तो मला म्हणाला, "काका, पडदा विझला होता. मला वाटलं, संपलं." त्याच्यासोबत बसलेला त्याचा जोडीदार, साधा हेल्पर, अत्यंत नम्रपणे मला म्हणाला, "सर, तक्त्यावर लिहिलं होतं म्हणे. पण किती वेळ थांबायचं ते नव्हतं लिहिलेलं."

मी घरी येऊन माझ्याजवळची तक्त्याची प्रत काढली. त्यात असे वाक्य होते: 'आवरण विलग करण्यापूर्वी संधारित्रांतील विद्युत्प्रभाराच्या विसर्गार्थ पर्याप्त कालावधी व्यतीत होऊ द्यावा.' मूळ पुस्तकात निरनिराळ्या आकारांच्या यंत्रांसाठी मिनिटांचे निरनिराळे आकडे होते. ते कोष्टक मला वाक्याच्या डौलात बसविता येईना, म्हणून मी 'पर्याप्त कालावधी' लिहिले होते. श्रोतेहो, मला वाक्याचा डौल राखावयाचा होता! व्याकरणदृष्ट्या त्या वाक्यात एकही चूक नाही. त्या वाक्याला पूर्ण गुण द्यावे लागतील. आणि ते वाक्य भिंतीवर टांगलेले असताना त्याच्याखाली उभ्या असलेल्या मुलाने पाऊण मिनिट थांबून आत हात घातला.

चौकशी झाली. तीत कोणाचे काय ठरले, हा आजचा विषय नाही. मला माझे काय ठरवावयाचे होते, ते मी त्या रात्री ठरविले. आणि तेव्हा मला गुरुजी आठवले.

आपल्यापैकी ज्यांनी त्यांच्या हाताखाली गणिते सोडविली, त्यांना तो नियम ठाऊक आहे. उत्तर चुकले की आम्ही थुंकी लावून तळहाताने पाटी पुसावयास धावत असू. गुरुजी मनगट धरीत. "पुसू नकोस. आधी वाच." मग तीन प्रश्न येत. "कुठवर बरोबर होतं? तिथून पुढं काय केलंस? पुन्हा तसंच केलंस तर पुन्हा तेच येतं का?" आम्हाला तो छळ वाटे. पाटी पुसली की चूक नाहीशी होते, अशी आमची बालसुलभ श्रद्धा होती. गुरुजी म्हणत, "पाटी पुसल्यानं पाटी कोरी होते. चूक तुझ्या डोक्यातच राहते. ती उद्या पुन्हा पाटीवर येईल."

मित्रहो, रीसेटचे बटण म्हणजे पाटी पुसणेच नव्हे काय? दोष तसाच राहतो, फक्त पडदा कोरा होतो. सात वेळा पाटी पुसली गेली आणि एकदाही कोणी वाचली नाही. सुज्ञ कारागिराचा नियम गुरुजींच्याच शब्दांत सांगता येतो: आधी पडद्यावरचे अक्षर वहीत उतरवून घे, यंत्र तेव्हा काय करीत होते, ते लिही, कारण शोध, मग पूस.

हा धडा एका कारखान्यापुरता नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड या अणुवीजकेंद्रात पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक इशारे एकदम वाजू लागले. त्यांच्या कोलाहलात महत्त्वाचा कोणता, ते कळेना. एक झडप उघडीच राहिली होती. पण नियंत्रणकक्षातला दिवा झडप मिटली की नाही हे दाखवीत नव्हता, मिटण्याचा हुकूम तिला गेला एवढेच दाखवीत होता. हुकूम गेला म्हणजे काम झाले, असे मानले गेले. आणि आपल्या प्रांताच्या राजधानीत, भोपाळमध्ये, २ व ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री काय घडले, ते येथे सविस्तर सांगण्याची गरज नाही. विषारी रसायन थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. मापके नेहमीच बेभरवशाची, म्हणून दाब वाढल्याची खूण आरंभी गांभीर्याने घेतली गेली नाही. बाहेरच्या वस्तीला सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. ज्या इशाऱ्यावर विश्वास उरला नाही, तो इशारा नसल्यासारखाच. आणि जो वाजण्याआधीच गप्प केला, तो नसण्याहून वाईट.

माझ्या तक्त्याचा अपराध या मोठ्या घटनांच्या तुलनेने लहान असेल. पण जात तीच. मीही हुकूम देऊन मोकळा झालो होतो. तो पोचला की नाही, ते पाहिले नव्हते. पोचला नाही, असे पुतण्याने येऊन सांगितले. तो माझ्यासाठी पहिला इशारा होता. मी तो एका सुभाषितवजा वाक्याने रीसेट केला.

पुतण्याचा हात बरा झाल्यावर मी त्याच्यासोबत त्या हेल्परकडे गेलो. आम्ही तिघांनी बसून नवा तक्ता केला. या वेळी मी लेखनिक होतो. शब्द त्या दोघांचे. मी प्रत्येक ओळ लिहून ती हेल्परला वाचावयास देई आणि विचारी, "आता तू काय करशील?" त्याने चुकीचे सांगितले, तर ओळ चुकली असे मानून पुन्हा लिही. त्यातील थोडा भाग आपल्या परवानगीने वाचतो.

'पडद्यावर अर्थ फॉल्ट आला: करंट जमिनीत जातो आहे. रीसेट करू नको. नंबर आणि वेळ वहीत लिही. मेन बंद कर, कुलूप लाव, चावी खिशात ठेव. पडदा विझला तरी आत करंट असतो. घड्याळ बघून पंधरा मिनिटे थांब. झाकण उघडल्यावर आधी मीटर लाव. मीटर शून्याजवळ दाखवील तेव्हाच हात घाल. मोटारीच्या वायरी ड्राइव्हमधून सोडव, मग मेगर लाव. एक मेगओहमच्या खाली आलं तर मोटार ओली किंवा खराब आहे. चालवू नको. कोणी चालव म्हटलं तर त्याचं नाव आणि वेळ वहीत लिही.'

पंधरा मिनिटांचा आकडा त्या कारखान्यातल्या सर्वांत मोठ्या यंत्राच्या पुस्तकावरून घेतला. लहान यंत्रांना कमी वेळ पुरतो, पण भिंतीवर एकच आकडा असलेला बरा, असे हेल्पर म्हणाला आणि ते मला पटले. शेवटचे वाक्यही त्याचेच. मी ते काढा म्हणालो होतो. तो म्हणाला, "सर, तेच सगळ्यात कामाचं आहे. नाव लिहायचं म्हटलं की माणूस दुसऱ्यांदा सांगत नाही." चाळीस वर्षांत मी जेवढे साहित्यशास्त्र शिकलो, त्यात परिणामकारकतेचा इतका नेमका विचार मला क्वचितच आढळला.

यावर कोणी म्हणेल, मग कोशातले शब्द टाकून द्यावयाचे काय? मुळीच नाही. 'संधारित्र' हा शब्द पाठ्यपुस्तकात असावा, परीक्षेत असावा. आज खाली बसलेल्या मुलांनी तो शिकावा. पण भिंतीवरचा तक्ता हा ग्रंथ नव्हे. तो टोला आहे. अंधारात, पाण्यात उभ्या असलेल्या माणसापर्यंत तो एका क्षणात पोचला पाहिजे. माझे वडील मोटार 'रुसली' म्हणत. त्या शब्दाला कोशात हा अर्थ नाही. पण पाळीवरच्या प्रत्येकाला तो कळे आणि प्रत्येक जण उठून पाहावयास जाई. भाषेने आणखी काय करावे?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण खाणीत जातील, काही कारखान्यांत, काही माझ्यासारखे पुस्तकांत. यंत्र बदलत राहील. आजची ड्राइव्ह उद्या जुनी होईल आणि तिच्या जागी अधिक बोलके यंत्र येईल. ते कितीही बोलले, तरी ऐकणे तुमच्याकडेच राहील. चूक दिसली की हात पुसण्याकडे धावतो; हा मनुष्यस्वभाव आहे, त्याची लाज वाटावयास नको. त्या वेळी मनगटावर कोणाची तरी बोटे आहेत, असे समजा. माझ्या मनगटावर ती आहेत. मला ती साठी उलटल्यावर जाणवली, ही माझी उणीव, गुरुजींची नव्हे.

पुतण्या आज येथे आला आहे. तो मागच्या रांगेत बसला आहे आणि आपले नाव घेऊ नये, असे त्याने मला बजावले आहे. ते मी पाळले. हे व्याख्यान लिहून झाल्यावर मी ते प्रथम त्यालाच वाचून दाखविले आणि विचारले, "समजलं का?" तो म्हणाला, "दोन ठिकाणी नाही समजलं." ती दोन ठिकाणे मी पुन्हा लिहिली आहेत.

 गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून आपली रजा घेतो.